याकोबाचा वध आणि अधिकाराचा प्रश्न

इ. स. ६२ मध्ये यरुशलेमेत घडलेल्या एका वधाकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते. ख्रिस्ती धर्माचा उगम समजण्यास तो फार उपयोगी आहे.

यहुदियाचा रोमन सुभेदार फेस्तस मरण पावला होता व त्याच्या जागी नेमलेला अल्बिनस अद्याप वाटेवर होता. ही संधी साधून मुख्य याजक अनान याने न्यायसभा भरविली, येशूचा भाऊ याकोब व आणखी काही जण यांजवर नियमशास्त्राच्या उल्लंघनाचा आरोप ठेविला आणि दगडांनी ठार मारण्यासाठी त्यांस हवाली केले. ही हकीकत योसेफस या यहुदी इतिहासकाराने लिहून ठेविली आहे. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. नगरातील जे लोक नियमशास्त्राच्या बाबतीत काटेकोर म्हणून गणले जात, त्यांनाच हा प्रकार खपला नाही. त्यांनी अग्रिप्पा राजाकडे गुप्तपणे निरोप धाडला. काही जण तर अलेक्झांड्रियाहून येणाऱ्या अल्बिनसास वाटेतच भेटले आणि सुभेदाराच्या संमतीवाचून न्यायसभा बोलाविण्याचा अनानास अधिकारच नव्हता, असे त्यांनी दाखवून दिले. आमच्या व्यवसायातील कोणीही हाच आक्षेप प्रथम घेतला असता! अवघ्या तीन महिन्यांत अनानाचे पद गेले.

हे काटेकोर लोक कोण? योसेफस नाव देत नाही. परंतु अनान सदूकी होता असे तो सांगतो. तेव्हा आक्षेप घेणारे परूशी असावेत हा अभ्यासकांचा तर्क आम्हांस पटतो. मृतांचे पुनरुत्थान परूशी मानीत, सदूकी मानीत नसत. मृत समुद्राकाठी कुमरान येथे १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्यांवरून तर असे दिसते की, तेथील मंडळी यरुशलेमच्या याजकांस भ्रष्ट समजत असे व निराळेच पंचांग पाळीत असे. (पंचांगाचे वाद आपल्या देवळांसही नवे नाहीत.) तरी हे सारे यहुदीच. याकोबाची मंडळी त्यांतलीच एक होती. येशूस मशीहा मानणे हा तिचा विशेष.

वाट फुटली ती परजातीयांच्या प्रवेशावरून. त्यांनी सुंता करून घ्यावी की नाही, हा वाद सुमारे इ. स. ४९ मध्ये यरुशलेमेत झाला. पौलाने ती नको म्हटले, आणि 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथानुसार याकोबानेही ते भार लादू नयेत असाच निर्णय दिला. पुढे इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर जाळले. सदूकी लयास गेले, परूशींच्या परंपरेतून रब्बींचा धर्म उभा राहिला, आणि येशूच्या अनुयायांत परजातीयांचीच संख्या वाढत गेली. तथापि येशूस मशीहा मानून मोशेचे नियम पाळणाऱ्या नासोरी मंडळीचा उल्लेख चौथ्या शतकातील ख्रिस्ती लेखकही करतात.