किल्लारीचा भूकंप आणि लाकडाची जात

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशीच गणपतींचे विसर्जन झाले होते आणि गावे थकून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. आठ ते दहा हजार माणसे मेली. दर वर्षी श्रद्धांजली वाहिली जाते, पण एक प्रश्न कोणी विचारत नाही. माणसे भूकंपाने मारली की घरांनी?

इथले जुने घर नीट आठवा. दोन फुटांहून जाड दगडी भिंत, तीही मातीत रचलेली. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा आणि दोघांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद, म्हणजे लाकडी फळ्यांवर फूट-दोन फूट मातीचा थर. ही भिंत फुगली, फुटली आणि झोपलेल्यांवर कोसळली. पण काही घरांत भिंती पडल्या तरी आतले लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या. कुडाची, छपराची हलकी घरेही बहुतेक तगली. ज्याला गाव गरिबी म्हणत होते, त्या छपराने जीव वाचवले आणि ज्याला प्रतिष्ठा म्हणत होते, त्या भिंतीने जीव घेतले.

म्हणून छपराचे गोडवे गायचे का? अजिबात नाही. १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात याच छपरांना आगी लावल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे शहीद झाले. भूकंपात तगणारे घर जातीयवाद्यांच्या काडीपुढे टिकत नाही. आपल्याला हलके आणि पक्के, दोन्ही असलेले घर हवे होते. ते बांधण्याचे ज्ञान गावात नव्हते काय? होते. पण ते जातींत कापून वाटलेले होते.

झाडाचाच प्रवास पाहा. बांधावरची बाभूळ जमीनमालकाची. तिचा नांगर, तिची बैलगाडी घडवणार सुतार आणि त्याबदल्यात मिळणार खळ्यावरचे बलुते. पाटलाच्या वाड्यावर सरपण फोडण्याची वेठ महाराच्या माथी. एकाच झाडाशी तिघांचे नाते, पण झाड लावणे, त्याची निगा राखणे, तोडणे आणि घडवणे हे सगळे एका हाती कधीच येऊ दिले नाही. कुऱ्हाड महाराच्या हाती चालत होती, रंधा नाही. सुतारालाही बापाचे काम सोडण्याची मोकळीक नव्हती. बाबासाहेबांनी १९३६ साली जातीच्या समर्थकांचा नेमका हाच युक्तिवाद खोडून काढला. जातीने नुसते काम वाटले नाही, तर काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडली आणि त्यांना वर-खाली रचले.

भूकंपानंतर नवे गाव वसवताना ही रचना मोडण्याची संधी होती. ५२ गावांचे पुनर्वसन झाले. जागतिक बँकेचा पैसा आला. पण घर कोणाला किती? ज्याला जमीन नाही किंवा १ हेक्टरपर्यंतच आहे त्याला २५० चौरस फूट. १ ते ७ हेक्टरवाल्याला ४००. ७ हेक्टरच्या वर ७५०. मरण सगळ्यांना सारखे आले, निवारा मात्र सातबारा पाहून मोजला. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या जमीन मिळू दिली नाही, ज्याच्यासाठी दादासाहेब गायकवाडांना १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारावे लागले, त्याच्या वाट्याला काय आले असेल, हे सांगायला आकडेमोड लागत नाही.

या काळात एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी घडली. उभ्या असलेल्या जुन्या घरांच्या मजबुतीकरणात मातीचा थर कमी करणे, भिंतीत आरपार दगड घालणे आणि खांब व तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपा टेकू ठोकणे असे साधे उपाय सांगितले गेले. चौकट नुसती चौकोनी असेल तर धक्क्याने तिरकी होते. कोपऱ्यात तिरपी दांडी आली की त्रिकोण तयार होतो आणि त्रिकोण सहजासहजी वाकत नाही. एवढे ज्ञान घराघरांत असते तर कित्येक जण वाचले असते.

आता मुद्दा तुमचा-माझा. आज आपली मुले पदव्या घेतात, हे हवेच. पण हाताचे काम म्हणजे वेठ, ही जखम आपण अजून बाळगून आहोत. वेठ आणि कौशल्य एक नव्हे. दुसऱ्याच्या हुकमाने, मोबदल्याशिवाय करायची ती वेठ. समजून, मोजून, स्वतःसाठी करायचे ते कौशल्य. घरी पुस्तकांची मांडणी स्वतः बनवा. खाचेत कुसू घट्ट बसवा आणि मांडणी हलत असेल तर मागे एक तिरपी पट्टी ठोका. ओले लाकूड वापरू नका, सावलीत वाळू द्या, नाहीतर ते तडकते. झाडाची फांदी छाटताना आधी खालून थोडा काप द्या, म्हणजे साल सोलली जात नाही. खोडाजवळची फुगीर कडा कापू नका, जखम तिथूनच भरून येते.

छत्रपती संभाजीनगरात बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू केले. त्या परिसराला आपण नागसेनवन म्हणतो. विद्येच्या जागेच्या नावातच वन आहे. आपल्या विहाराच्या अंगणात कडुनिंब, पिंपळ लावणारे आणि ते जगवणारे हात आपलेच असावेत. विहारातली ग्रंथालयाची कपाटेही आपल्याच हातची असावीत.

किल्लारीत नुसते वजन कोसळले आणि नीट जोडलेले तगले. समाजाचेही तसेच आहे. कुऱ्हाड, करवत, रंधा आणि पुस्तक एकाच हातात आले, की जातीची भिंत आपोआप खिळखिळी होते. ती पाडायला भूकंपाची वाट कशाला पाहायची?

जय भीम!