डोंगरी, खाकी आणि आपली ऑफिसची पँट



आपल्या नोव्हायच्या ट्वेल्व्ह ओक्स मॉलमध्ये 'व्हिंटेज मिलिटरी' म्हणून जे कपडे टांगलेले असतात, त्यांत तीन गोष्टी हमखास दिसतात. खाकी चिनो पँट, निळ्या जाड कापडाच्या डंगरीज आणि ऑलिव्ह रंगाचं फील्ड जॅकेट. जॅकेट अस्सल अमेरिकन. पहिल्या दोन्हींना मात्र आपल्याकडची माती लागलेली आहे, आणि आज त्याच मातीबद्दल लिहितो आहे.

आधी डंगरी. हा शब्द आला मुंबईच्या डोंगरीवरून. डोंगरी म्हटलं की आपल्याला तुरुंग आठवतो. टिळक आणि आगरकर 1882 साली 101 दिवस तिथे होते आणि आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. पण त्याच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकापासून, डोंगरी हे एका जाड्याभरड्या सुती कापडाचं नाव म्हणून इंग्रज व्यापाऱ्यांच्या तोंडी बसलं होतं. स्वस्त, टिकाऊ, शिडाला आणि तंबूला चालणारं कापड. शिडाला चालतं ते खलाशाच्या अंगालाही चालतं, तसं ते जहाजांवरून जगभर गेलं. अमेरिकन नौदलाने 1901 साली कामाच्या वेळी घालायला डंगरीला अधिकृत परवानगी दिली. निळी डंगरी हा मग अमेरिकन खलाशाचा ओळखीचा वेश झाला.

आता लगेच "जीन्स आपणच शोधली" असं म्हणू नये, ही विनंती. डेनिमचं नाव फ्रान्समधल्या नीम शहरावरून आलं असं मानतात. त्यात उभे धागे निळे आणि आडवे पांढरे असतात. खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचं पेटंट लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांचं, 1873 चं. आपला आहे तो शब्द, आणि ते साधं कापड विणणारे हात. हा वाटा लहान नाही, पण त्या हातांपैकी एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही.

खाकीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. खाक म्हणजे धूळ, माती. फारसी शब्द. मराठीत आपण 'जळून खाक' म्हणताना राख डोळ्यासमोर आणतो. 1846 साली पेशावरला हॅरी लम्सडेन याने 'कोअर ऑफ गाइड्स' उभारलं आणि शिपायांना धुळीत मिसळून जाणारे कपडे दिले. तोवर इंग्रजांची फौज लाल डगल्यात लढत असे, म्हणजे नेमबाजाची सोयच! 1857 मध्ये दिल्लीच्या उन्हात गोऱ्या पलटणींनीही आपले पांढरे कपडे मिळेल त्या रंगात बुडवून काढले. हा रंग लोकप्रिय झाला तो आपल्या लोकांचं बंड मोडताना, हे विसरून चालणार नाही.

अडचण होती ती रंगाची. चहाचं पाणी, तुतीचा रस, चिखल, काय वाट्टेल ते वापरत. दोन धुण्यांत रंग उडे आणि एका रांगेत दहा छटा दिसत. मंगळूरला बासेल मिशनच्या विणकामशाळेत जॉन हॅलर यांनी 1850 च्या दशकात खाकी रंग तयार केला. पुढे 1884 साली अ‍ॅक्रिंग्टनच्या गॅटी यांनी पक्क्या रंगाचं पेटंट घेतलं. लोह आणि क्रोमियमची संयुगं धाग्यातच बसवायची, म्हणजे धुऊन जायचा प्रश्नच नाही. एक प्रकारे कापडात गंजच मुरवायचा! त्यानंतर खाकी खऱ्या अर्थाने जगाची झाली.

अमेरिकन सैन्यात ती आली 1898 च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात. फिलिपिन्समध्ये मिळणाऱ्या हलक्या सुती पँटला 'चिनो' नाव पडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जी.आय. बिलाच्या पैशांवर शिकायला आलेले सैनिक त्याच पँटी घालून कॉलेजात बसू लागले. 1986 साली लेव्हीजने 'डॉकर्स' काढलं आणि 1992 साली ऑफिसात काय घालावं याची एक पुस्तिका हजारो कंपन्यांच्या एच.आर. मॅनेजरना पाठवली. आपण एच-वन घेऊन इथे उतरलो तेव्हा खाकी पँट आणि निळा शर्ट हा गणवेश आपली वाटच बघत होता!

गंमत अशी की आपल्याकडे खाकीचा अर्थ वेगळा. शाळेची अर्धी चड्डी, एस.टी.चा कंडक्टर, हवालदार. 'खाकी वर्दी' म्हटलं की थोडी भीतीच. (2016 साली संघानेही खाकी अर्धी चड्डी सोडून तपकिरी पँट घेतली. त्यावर इथे वाद नको.) इथल्या आपल्या मुलांना मात्र 'खॅकीज' म्हणजे पिक्चर डेला घालायची पँट. खाक त्यांना माहीत नाही.

म्हणून एक नाव लिहितो. नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्याचे, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. वय 22. 10 जुलै 1944 ला इटलीत, टायबरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतले जवळजवळ सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले. ते एकटे धावून गेले, ती मशीनगन बंद पाडली आणि तिथेच गोळ्या लागून गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. इटलीत मोंतोने गावी 2023 साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालं. ज्या साम्राज्याने खाकी आपल्यावर चढवली त्याच्याच सैन्यात हा मुलगा होता, आणि तो लढत होता हिटलरच्या सैन्याशी. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं करता येत नाही. दोन्ही सांगावं लागतं.

मॉलमधल्या कपड्यांना मुद्दाम उडालेला रंग आणि मुद्दाम झिजवलेली शिवण असते. विकत घ्यायला माझी हरकत नाही, माझ्याही कपाटात चार खाकी पँटी आहेत. फक्त मुलांनी विचारलं किंवा न विचारलं, तरी डोंगरी कुठे आहे, खाक म्हणजे काय आणि घाडगे कोण, एवढं त्यांना सांगू या. लेबलवर ते कोणी छापणार नाही.



— नोव्हाय, मिशिगन