जांभळा की गुलाबी?

जिवाणू म्हणजे एकाच पेशीचे, केंद्रक नसलेले जीव. लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास आणि अंग जवळजवळ पारदर्शक. त्यामुळे सूक्ष्मदर्शक असूनही ते सहज नजरेत भरत नाहीत. बर्लिनमध्ये कार्ल फ्रीडलेंडर यांच्याकडे काम करणाऱ्या हान्स ख्रिस्तियन ग्रॅम या तरुण डॅनिश डॉक्टरची अडचण हीच होती. न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसात त्याला जंतू शोधायचे होते, पण रंग घातला की जंतूंबरोबर फुप्फुसाची ऊतीही रंगायची.

त्याने आधी जेन्शियन व्हायोलेट चढवलं, मग आयोडीनचं द्रावण, आणि शेवटी अल्कोहोलने धुतलं. ऊतीचा रंग गेला, जंतू गडद जांभळे राहिले. ही रीत १८८४ साली छापताना ती सदोष आणि अपुरी असल्याचं त्याने स्वतःच नमूद केलं. टायफॉइडचे जंतू तर अल्कोहोलने पार रंगहीन होत, हेही त्याने लपवलं नाही. मला या नोंदीचं फार मोल वाटतं, कारण पुढे जिवाणूंची मोठी वाटणी त्यावरूनच झाली. रंग धरणारे ते ग्रॅम पॉझिटिव्ह, सोडणारे ते ग्रॅम निगेटिव्ह.

भेद आहे पेशीभित्तिकेत. पॉझिटिव्ह जंतूंची भित्तिका जाड असते, तिच्यात रंग आणि आयोडीनची जोडी अडकून बसते. निगेटिव्ह जंतूंची पातळ असते. तिच्याबाहेरचं मेदयुक्त आवरण अल्कोहोलने विस्कटतं आणि रंग निसटतो. क्षयाचे जंतू मेणचट भित्तिकेमुळे या रंगाला दाद देत नाहीत, त्यांची तपासणी निराळी.

आज पॅथॉलॉजी लॅबमध्ये थुंकी किंवा पू काचपट्टीवर पसरतात, ज्योतीवरून फिरवून चिकटवतात आणि रंग देतात. खरं कसब अल्कोहोलच्या काही सेकंदांत असतं. जरा जास्त वेळ धुतलं, तर पॉझिटिव्ह जंतूही रंग सोडतात. शेवटी सॅफ्रॅनिन घालतात, ही भर ग्रॅमनंतरची. त्याने निगेटिव्ह जंतू गुलाबी दिसतात. जंतू वाढवून पाहायच्या कल्चरला एक-दोन दिवस लागतात, ही पट्टी काही मिनिटांत तयार होते, आणि कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल याचा पहिला अंदाज तिच्यावरून बांधता येतो.

पण औषध सुरू झालं की नमुन्यात जंतू सापडणं अवघड होतं. म्हणून डॉक्टरांनी नमुना मागितला, तर शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधीच द्या.