राजाचा पुतळा आणि घरच्या गोळ्या

लढाया कोणीं जिंकल्या हें इतिहासाच्या ग्रंथांत सविस्तर लिहिलेलें असतें. परंतु त्या लढायांसाठीं गोळ्या कोणाच्या हातांनीं ओतल्या, हें सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांतील असा एक हिशेब मात्र सुदैवानें शिल्लक आहे, आणि तो बहुतेक सारा बायकामुलांच्या नांवांचा आहे.

इ. स. १७६६ मध्यें इंग्लंडच्या पार्लमेंटानें वसाहतींवरील मुद्रांक-कर रद्द केला. त्याबद्दल कृतज्ञता म्हणून न्यूयॉर्ककरांनीं राजा तिसरा जॉर्ज याचा अश्वारूढ पुतळा करविला आणि १७७० सालीं तो बोलिंग ग्रीन येथें बसविला. जोसेफ विल्टन या शिल्पकारानें केलेला हा पुतळा शिशाचा असून त्यावर सोन्याचा मुलामा होता. पुढें सहाच वर्षांनीं, ९ जुलै १७७६ रोजीं, वॉशिंग्टनच्या फौजेपुढें स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचण्यांत आला आणि त्याच रात्रीं जमावानें दोर लावून राजाला घोड्यासकट खालीं ओढलें. सुमारें ४,००० पौंडांचें तें शिसें! वसाहतींत शिशाची एवढी टंचाई होती कीं, खिडक्यांना लावलेलीं शिशाचीं वजनेंहि गोळा केलीं जात. साहजिकच पुतळ्याचे तुकडे कनेक्टिकटमधील लिचफील्ड गांवीं, ऑलिव्हर वोल्कॉट यांच्या घरीं रवाना झाले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारांपैकीं हे एक होत.

घरीं गोळ्या ओतणें हें त्या काळीं नवल नव्हतें. सर्व बंदुकांच्या नळ्या एका मापाच्या नसत. म्हणून पुष्कळ बंदुकींबरोबर तिचा सांचाहि मिळे. शिसें ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळतें. घरच्या विस्तवावर लोखंडी पळींतहि त्याचा रस होतो. सांचा चिमट्यासारखा दोन पात्यांचा असे. तो मिटून पोकळींत रस ओतावयाचा, थिजतांच उघडावयाचा आणि गोळीला राहिलेली शेपटी कापावयाची. पाऊण इंच नळीच्या इंग्रजी बंदुकीची गोळी सुमारें अडीच तोळे भरे. मग ती दारूसह कागदांत गुंडाळली कीं काडतूस तयार होई.

वोल्कॉट यांच्या कागदपत्रांतील हिशेब असा: रूथ मार्व्हिन ११,५९२, वोल्कॉट यांच्या मुली मेरी ॲन १०,७९० व लॉरा ८,३७८, मिसेस मार्व्हिन ६,०५८, मिसेस बीच १,८०२, आणि धाकटा मुलगा फ्रेडरिक ९३६. इतरांचीं व पलटणींना दिलेलीं धरून एकूण काडतुसें ४२,०८८. मेरी ॲन तेव्हां अकरा वर्षांची होती आणि फ्रेडरिक आठांचा.

सगळें शिसें मात्र कामीं आलें नाहीं. विल्टन गांवाजवळ राजनिष्ठांनीं कांहीं तुकडे पळवून दलदलींत लपविले. १८७१ सालीं ते सांपडले, आणि घोड्याची शेपूट आज न्यूयॉर्कच्या ऐतिहासिक संस्थेच्या संग्रहांत आहे. बोलिंग ग्रीनचें १७७१ सालचें लोखंडी कुंपणहि अद्याप उभें आहे.

त्या उन्हाळ्यांत युद्धाचा निकाल कोणासच ठाऊक नव्हता. राजाची सरशी झाली असती, तर आंकड्यांची हीच यादी राजद्रोहाचा पुरावा ठरली असती, आणि तिच्यांत स्वतःच्या मुलांचीं नांवें बापानेंच जपून ठेविलीं होतीं. सेनापतींच्या पराक्रमाशेजारीं फ्रेडरिकचीं ९३६ काडतुसें क्षुल्लक दिसतील; परंतु रिकाम्या बंदुकीनें कोणत्याहि सेनापतीस लढाई जिंकतां आलेली नाहीं.