जीपगाडीचें डिझेल-परिवर्तन

भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. रोवणीच्या दिवसांत बांधी कोठें संपते आणि वाट कोठें सुरू होते हें ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीची योग्यता निराळी सांगावयास नको. चुलबंद नदीचे नाले फुगले असतां पलीकडच्या गांवांतील अडलेल्या बाळंतिणीला साकोलीस पोंचविणारी गाडी सुरू होते कीं नाहीं, हा प्रश्न शौकाचा राहत नाहीं. म्हणून जुन्या जीपला डिझेल इंजिन बसवून ती भरंवशाची व बलवान करण्याची जी खटपट आपल्याकडे झाली, तिचा इतिहास आज मांडणार आहें.

जीप युद्धासाठीं जन्मली. १९४० सालीं अमेरिकन सैन्यानें हलक्या टेहळणी-गाडीची मागणी केली. बँटम, विलीज व फोर्ड या कारखान्यांच्या हातून ती गाडी सिद्ध झाली, आणि युद्ध संपेतों तिच्या सहा लाखांहून अधिक प्रती निघाल्या. मुंबईच्या महिंद्र कंपनीनें याच गाड्या सुटे भाग आणून येथें जोडण्यास आरंभ केला. १९४५ सालीं ही कंपनी निघाली तेव्हां तिचें नांव महिंद्र अँड मोहम्मद असें होतें. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ सालीं नांवांत बदल झाला. आद्याक्षरें मात्र तींच राहिलीं!

पुढें अनेक वर्षें आपल्याकडे चालली ती सीजे-३बी जातीची जीप. तिचें पेट्रोल इंजिन सुमारें २२०० घन सेंटिमीटरचें व उंचीला जास्त. तें मावावें म्हणून तिचें टोपण उंच केलेलें आहे. हें इंजिन सोशीक होतें, पण पेट्रोल फार पिई. शिवाय ठिणगीच्या बळावर चालणाऱ्या यंत्राचा डिस्ट्रिब्यूटर नाल्यांत भिजला, कीं गाडी पाण्याच्या मध्यावरच उभी राही. १९७३ सालच्या तेलसंकटानें पेट्रोलची चैन परवडेनाशी केली आणि सर्वांचे डोळे डिझेलकडे वळले.

डिझेलला ठिणगी लागत नाहीं. हवा दाबून इतकी तप्त करावयाची, कीं तींत तेलाचा फवारा पडतांच तो पेटावा. जुन्या पेट्रोल इंजिनांत हवा सुमारें सातपट दाबली जाई, तर या जातींत वीसपटीहून अधिक. म्हणून लोखंड जाड लागतें, वजन वाढतें, हादरे वाढतात आणि सुरू करण्यास मोठी बॅटरी लागते. जीपमध्यें आरंभीं जीं डिझेल इंजिनें बसलीं तीं ट्रॅक्टरच्या कुळांतलीं. त्यांची ओढ मोठी, पण चाल संथ.

येथें थोडा हिशेब केला पाहिजे. सीजे-३बीच्या मागील आंसांतील क्राऊनला ४३ दांते व पिनियनला ८. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास वरील दांडा ५.३८ वेळां फिरतो. ही योजना मिनिटास ४,००० फेरे घेणाऱ्या पेट्रोल इंजिनासाठीं होती. त्या जागीं २,००० फेऱ्यांचें इंजिन बसविलें, तर सरळ गिअरमध्यें गाडी तासाला सुमारें ५० किलोमीटरच्या पुढें जाणार नाहीं. नागपूरच्या सडकेवर चालक मग इंजिनाला त्याच्या शक्तीबाहेर पिटाळतो आणि महिन्याभरांत मिस्त्रीच्या दारीं येतो. दोष इंजिनाचा नव्हे, दांत्यांचा! क्राऊन-पिनियन ४.२७चें घातलें, तर त्याच फेऱ्यांत वेग ६३ किलोमीटरांपर्यंत जातो. चिखलांतील ओढ थोडी कमी होते, ती दुय्यम गिअरपेटीच्या ‘लो’नें भरून निघते, कारण ती जोर जवळजवळ अडीचपट करते. शक्तीपेक्षां हा मेळ मला अधिक मोलाचा वाटतो.

खरें समाधान लाभलें तें प्यूजो जातीच्या इंजिनानें. महिंद्र कंपनीनें फ्रेंच प्यूजोशीं तांत्रिक करार करून एक्सडीपी ४.९० हें २११२ घन सेंटिमीटरचें इंजिन आणलें. हें झपाट्यानें फिरणारें, मोटारीसाठींच घडविलेलें डिझेल. १९८०च्या दशकांतील एमएम ५४० ही जीप याच इंजिनावर उभी होती. अनेकांनीं जुन्या पेट्रोल जीपलाही हेंच हृदय बसविलें.

परंतु एक अवयव बलवान केला, कीं दुर्बलता दुसऱ्या अवयवाकडे सरकते, हें फार थोड्यांनीं ध्यानांत घेतलें. जुने ९ इंची ड्रम-ब्रेक जड व वेगवान झालेल्या गाडीला अपुरे पडतात. सर्वो-ब्रेक लावावा, तर पेट्रोलप्रमाणें डिझेलच्या नळींत ओढ निर्माण होत नाहीं. त्यासाठीं निराळा व्हॅक्यूम पंप हवा. भंडाऱ्याच्या मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हां पेट्रोलचा जुना रेडिएटर कसा पुरावा? जो नुसतेंच इंजिन बदलून पाटे, ब्रेक व पाण्याची व्यवस्था आहे तशी ठेवतो, त्यानें गाडी सुधारली असें मी म्हणणार नाहीं.

सर्वांत घातक गोष्ट पाण्याची. डिझेलला ठिणगी नाहीं, म्हणून चालक निर्धास्तपणें नाल्यांत घुसतो. पण हवेच्या नळीनें पाणी आंत शिरलें, तर तें दाबलें जात नाहीं. पिस्टन त्यावर आदळतो व कनेक्टिंग रॉड वांकतो. पेट्रोल जीप भिजली तर वाळवून चालू होई. ही दुरुस्त होण्यास दोन आठवडे लागतात. हवेचें तोंड काचेच्या उंचीपर्यंत चढविणें आणि डिझेलच्या वाटेवर पाणी वेगळें करणारी गाळणी बसविणें, हे दोन स्वस्त उपाय टर्बोच्या आधीं करावयाचे. शिवाय १९८८च्या मोटार वाहन कायद्याचें ५२वें कलम गाडींतील फेरफारांवर बंधन घालतें. इंजिनाची नोंद परिवहन कार्यालयांत बदलून न घेतल्यास अपघातानंतर विम्याचा दावा अडतो.

आज नागझिऱ्याच्या पिटेझरी दारांतून पर्यटकांना नेणाऱ्या उघड्या जिप्सी गाड्या पेट्रोलच्या आहेत. वाघाच्या रानांत डिझेलचा खडखडाट कोणास हवा? त्याच रानाबाहेर, धानाच्या बांध्यांच्या कडेनें, प्यूजोच्या इंजिनाची एखादी जुनी जीप मात्र अजून पोतीं वाहतांना दिसते.