अडीच किलो मासळी

सरकारी पगाराचा इतिहास लोक शासन निर्णयांवरून सांगतात. आमच्या खारदांड्यात तो मासळीच्या पाटीवरून सांगितला जातो, आणि मला तोच जास्त खरा वाटतो. माझी आजी वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीत दारोदार मासळी विकायची. तिला अक्षरओळख नव्हती. पण कुठल्या इमारतीत क्लास थ्रीवाले राहतात, कुठे शिपाई, कोणाला बढती लागली, कोणाचं इन्क्रिमेंट अडकलं, हे तिला आस्थापना शाखेच्या आधी कळायचं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाटीत पापलेट, पंधरा तारखेच्या आसपास बोंबील आणि मांदेली, शेवटच्या आठवड्यात नुसता जवळा. पाटी भरताना ती समुद्राकडे बघायची तेवढीच कॅलेंडराकडेही.

तिच्या लहानपणी मात्र दांड्यात नोकरदार माणसाला फारसा मान नव्हता. होडी आली की मासळीचे पैसे वाटायचे: होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, मग खलाशांचे वाटे. ज्याच्या अंगात ताकद त्याला दर्या उपाशी ठेवत नाही, अशी समजूत. आजोबांचा थोरला भाऊ बांद्रा मुन्शिपाल्टीत कामाला लागला, तेव्हा त्याच्यासाठी मुलगी बघताना म्हणे दोन घरांनी नकार दिला. बांधलेला माणूस, मालकाने सांगितलं की उठणार, मालकाने सांगितलं की बसणार! पुढे १९५० साली हा सगळा भाग मुंबई महापालिकेत गेला आणि हे आजोबा झोपेतून उठता उठता मोठ्या महापालिकेचे नोकर झाले, असं घरात हसत सांगतात.

त्या काळचा पगार तरी किती? पहिला केंद्रीय वेतन आयोग १९४६ साली वरदाचारी यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. त्याने सगळ्यात खालच्या कर्मचाऱ्याला ३० रुपये मूळ पगार आणि २५ रुपये महागाई भत्ता, एकूण ५५ रुपये ठरवले. भत्ता जवळजवळ पगाराइतका, म्हणजे महायुद्धाने बाजाराची काय दशा केली होती ते त्या दोन आकड्यांतच दिसतं. हंगाम साधला तर आमचा खलाशी याहून जास्त घरी आणतो, असं नाखवे छातीठोकपणे सांगायचे. पावसाळ्यात सांगत नसत. होड्या वर ओढून ठेवल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत त्याच नाखव्यांच्या घरून पोरं आमच्या या मुन्शिपाल्टीवाल्या आजोबांकडे उसने मागायला यायची. मुलगी न देणाऱ्यांतलं एक घर त्यात होतं, हे आजी आवर्जून सांगायची.

तिचा आवडता किस्सा मात्र संपाचा. १४ डिसेंबर १९७७ ला राज्य सरकारी कर्मचारी संपावर गेले. नेते र. ग. कर्णिक, मुख्यमंत्री वसंतदादा पाटील. मागणी साधी होती: केंद्राच्या कर्मचाऱ्याला मिळतो त्या दराने महागाई भत्ता द्या. एकाच बाजारात, एकाच दराने तांदूळ घेणाऱ्या दोन कारकुनांपैकी आयकर खात्यातल्याला भत्ता जास्त आणि मंत्रालयातल्याला कमी, हे कोणाला पटवून देणार? संप चोपन्न दिवस चालला. सलग पगार बुडाले. वसाहतीतल्या बायका आधी दार अर्धं उघडून ‘आज नको’ म्हणायच्या. मग दार उघडेनाशाच झाल्या.

आजीने तेव्हा ताजी मासळी नेणं बंद केलं आणि सुकी न्यायला लागली. थंडीचे दिवस म्हणजे बोंबील सुकवण्याचा हंगाम. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या उभ्या, त्यांवर आडवे दोर. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरावर टाकायची. गाठ नको, खिळा नको. ते दोन-तीन दिवसांत कडक होतात. अशा जोड्यांच्या जुड्या करून ती वसाहतीत दारोदार ठेवत गेली. ‘पगार नाय झाला? मंग काय झालं, ने!’ हिशेब घरी, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कोळशाने: प्रत्येक घरासाठी एक खूण (कोणाची जिन्याची पायरी, कोणाच्या दारातली तुळस) आणि पुढे रेघा. ते कपाट मी पाहिलं आहे. रेघा पुसलेल्या होत्या, पण लाकडाने काजळी धरून ठेवली होती.

आजी सांगायची की संप जिंकला आणि लगेच सगळ्यांचे पैसे आले. ते तितकं सरळ झालं नाही. फेब्रुवारी १९७८ च्या सुरुवातीला, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, संप मागे घेतला गेला तेव्हा मागणी पदरात पडलेली नव्हती. जुलैत सरकार बदललं, पुलोदचं सरकार आलं आणि त्यानंतर केंद्राप्रमाणे महागाई भत्त्याची गोष्ट मान्य झाली. म्हणजे आजीची उधारी चोपन्न दिवसांची नव्हती, चांगली लांबलेली होती. ती दांड्यातल्या इतर बायकांकडून मासळी उचलून देत होती, त्यांचे पैसे तिला वेळेवरच द्यावे लागत असणार. कर्मचारी चळवळीच्या इतिहासात असल्या सावकारणींचा उल्लेख नसतो. असायला हवा.

त्यानंतरचे आयोग तिने ‘फरक’ या एकाच शब्दात लक्षात ठेवले. आयोग येतो, मागच्या तारखेपासून लागू होतो, मधल्या काळाची थकबाकी मिळते, तो फरक. चौथ्या आयोगाने १९८६ पासून किमान पगार ७५० केला, पाचव्याने १९९६ पासून २,५५०. फरक हातात पडला की वसाहतीत फ्रिज यायचे, आणि फ्रिज आले की आजीचा धंदा एकदम बदलायचा, कारण रोज मासळी घेणारी बाई आता रविवारी एकदाच घ्यायची. पगारवाढीचा कोळणीला तोटाही होतो, हे तिनेच मला शिकवलं. २००६ च्या सहाव्या आयोगाचे अध्यक्ष मुंबईचेच न्यायमूर्ती श्रीकृष्ण; त्या आयोगानंतर सरकारने किमान पगार ७,००० वर नेला तेव्हा ती थकली होती. सातवा आयोग तिने पाहिला नाही. राज्यात त्याचा प्रत्यक्ष पगार जानेवारी २०१९ पासून सुरू झाला आणि तीन वर्षांचा फरक पाच वार्षिक हप्त्यांत विभागला गेला, नोकरीत असलेल्यांचा तर थेट भविष्य निर्वाह निधीत. फ्रिजची गोष्ट तिथेच संपली.

सातव्या आयोगाने किमान १८,००० रुपये कसे काढले, ते वाचताना मात्र तिची फार आठवण झाली. ती पद्धत १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेतली. खाण्याचं माप डॉ. आयक्रॉइड या आहारतज्ज्ञाचं. एका कुटुंबाची महिन्याची यादी: तांदूळ-गहू, डाळ, भाज्या, अठरा लिटर दूध, नव्वद अंडी, साडेपाच मीटर कापड आणि मासळी अडीच किलो. महिन्याची! आमच्याकडे तेवढी एका रविवारी पुरत नाही. पण मी थांबलो तो पुढच्या ओळीपाशी. कुटुंब म्हणजे तीन ‘एकक’: कमावता पुरुष १, बायको ०.८, दोन मुलं ०.६ प्रमाणे. आणि बायको-मुलांची कमाई हिशेबात धरायची नाही. न धरण्यामागचा हेतू चांगला आहे; एका पगारात घर चालावं, असा. पण डोक्यावर पाटी घेऊन रूळ ओलांडणारी, घरची तिजोरी सांभाळणारी बाई शून्य दशांश आठ?

पेन्शनचा भाग दांड्याला सगळ्यात उशिरा कळला आणि सगळ्यात जास्त पटला. म्हाताऱ्या खलाशाला वाटा नसतो. मुलांनी जाळं हातात घेतलं की त्याने किनाऱ्यावर बसून ते विणायचं. मुन्शिपाल्टीवाल्या आजोबांना मात्र दर महिन्याला पैसे येत राहिले, आणि ते गेल्यावर आजीच्या जावेलाही. त्या पेन्शनीवर घरातल्या दोन मुलींची लग्नं झाली. मग १ नोव्हेंबर २००५ आलं. त्या दिवसापासून राज्य सेवेत लागणाऱ्यांना जुनी पेन्शन बंद. दरमहा पगारातून दहा टक्के कापायचे, सरकारने आपला हिस्सा घालायचा आणि निवृत्तीनंतर काय मिळेल ते बाजारावर. माझा आत्येभाऊ २००७ साली नोकरीला लागला. त्याचे वडील जुन्या पेन्शनीत, तो नव्या योजनेत, दोघे एका स्वयंपाकघरात जेवतात. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभर सात दिवस संप झाला, तेव्हा वडिलांनी त्याला चोपन्न दिवसांची गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, ‘आम्हाला उधार कोण देणार?’ बरोबर आहे. बँकेचा हप्ता सुक्या बोंबलाने फिटत नाही.

त्याच्याही खालची एक पायरी आहे. महापालिकेचा कचरा वर्षानुवर्षं उचलणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०१७ साली सांगावं लागलं. वेतनश्रेणीवर वाद घालायला आधी वेतनश्रेणी लागते. आणि मच्छीमाराला? प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मासेमारीच्या बंदी-मंदीच्या तीन महिन्यांसाठी सरकार ३,००० देतं, त्यात त्याचे स्वतःचे १,५०० घालून एकूण ४,५०० रुपये. आयोगाच्या किमान पगाराचा हा चौथा हिस्सा, तोही तीन महिन्यांत वाटून.

आठवा वेतन आयोग नोव्हेंबर २०२५ मध्ये स्थापन झाला आहे, अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेल्या रंजना देसाई, मुदत अठरा महिने. संघटना आकडे मागतील, ते त्यांनी मागावेत. आमच्या दांड्याची मागणी लहान आहे आणि तिला मोर्चा लागत नाही: त्या तक्त्यात बाईपुढचा ०.८ खोडून १ लिहा. मासळीचं नंतर बघू.