पाव आण्याचा करार : शीवजवळची स्वदेशी मिल आणि एजंटांचे कमिशन

१/ शीवला लागून असलेल्या चुनाभट्टीत ‘स्वदेशी मिल रोड’ आहे. ती गिरणी २००० साली बंद पडली. मात्र दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्याला मोबदला कशाचा द्यावा, या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर तिने १८८६ मध्येच दिले होते.

२/ मुंबईच्या गिरण्या कागदोपत्री भागधारकांच्या असत. कारभार मात्र ‘मॅनेजिंग एजंट’ म्हणवणाऱ्या पेढीच्या हाती असे. करार दीर्घ मुदतीचे, काही तर कायमचे.

३/ ही पेढी निरुपयोगी मुळीच नव्हती. बँका हात आखडता घेत, तेव्हा तिच्या जामिनावर कर्ज मिळे. तिच्या नावावर विश्वासून लोक गिरणीत ठेवी ठेवत. भांडवल बाजारातील उणीव घराण्याची पत भरून काढत असे.

४/ दोष होता मोबदल्यात. प्रचलित दर : उत्पादनाच्या पौंडामागे पाव आणा. १० लाख पौंड सूत निघाले की एजंटाला १५,६२५ रुपये. मग माल तोट्यात विकला जावो आणि भागधारकाला दमडीही न मिळो. मंदीतही चात्या फिरत ठेवण्यातच एजंटाचे हित होते.

५/ १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी डबघाईला आलेली धरमसी मिल घेऊन तिला ‘स्वदेशी’ हे नाव दिले. एजंटाचे कमिशन त्यांनी उत्पादनाऐवजी नफ्याशी जोडले.

६/ मालक आणि कारभारी यांचे हित भिन्न असल्याने पडणाऱ्या भुर्दंडाला जेन्सन व मेकलिंग यांनी १९७६ च्या निबंधात ‘एजन्सी कॉस्ट’ म्हटले. मुंबईच्या भागधारकाला तो कितीतरी आधी सोसावा लागला होता.

७/ कायदा मागाहून आला. १९३६ च्या दुरुस्तीने एजंटाची मुदत २० वर्षांवर आणली आणि मोबदला निव्वळ नफ्याशी बांधला. ३ एप्रिल १९७० रोजी ही पद्धतच संपुष्टात आली. एका गिरणीने स्वेच्छेने स्वीकारलेला नियम सर्वांना लागू होण्यास ५० वर्षे लागली.

८/ या साऱ्या वादात कामगार कुठेच नव्हता. कंपनी बुडाल्यास त्याच्या थकबाकीला तारणधारक सावकारांच्या बरोबरीचे स्थान मिळाले ते १९८५ च्या दुरुस्तीने. म्हणजे भागधारकाच्या संरक्षणानंतर आणखी ४९ वर्षांनी. कंपनीचा इतिहास वाचताना नफ्याच्या आकड्याआधी हे पाहावे : ती बुडाली, तर रांगेत कोण कुठे उभा आहे?